बंद दारामागचा पट्टा

लॉरिमरांच्या घरात एखादा वाढदिवस भांडणाशिवाय पार पडला असेल, तर तो कुणाच्या आठवणीत नाही. आर्चीला अठ्ठ्याऐंशी पुरी झाली त्या रविवारी समुद्रावरून धुकं आलं होतं, स्वयंपाकघरात मनुका घालून कापडात बांधलेलं गोड डम्पलिंग सकाळपासून रटरटत होतं, आणि टेबलाभोवतीची माणसं अशी बसली होती की मीठ मागायचं तरी कुणाकडे, असा प्रश्न पडावा. आर्ची आपल्या नातीशी बोलत नव्हता. नात आपल्या लेकीशी बोलत नव्हती. आणि ती लेक, बारा वर्षांची कर्स्टी, जिच्यापायी हे सगळं रामायण घडलं, ती मात्र तिसऱ्यांदा बटाटे वाढून घेत होती.

गॅव्हिननं रश्शाचं भांडं तिच्याकडे सरकवलं. आर्चीचा मुलगा, एलीचा बाप आणि कर्स्टीचा आजोबा अशी तिहेरी नोकरी तो साठाव्या वर्षी करत होता, आणि त्यातली पहिली त्याला कधीच नीट जमली नव्हती. गावात त्याचं चष्म्याचं दुकान होतं. लोकांना लांबचं दिसायला लावणं हा त्याचा धंदा; स्वतःच्या घरात मात्र तो शक्यतो ताटात बघून जेवायचा.

गुन्हा असा होता. इन्व्हरकॅरीच्या ज्या शाळेत आर्ची एके काळी हेडमास्तर होता, तिथेच एली आता उपमुख्याध्यापिका. शाळांतून हातावर मारायचा कातडी पट्टा हद्दपार होऊन तीस वर्षं लोटली होती. मधल्या काळात मास्तर लोकांनी काय काय करून पाहिलं. शंभर ओळी लिहायला लावल्या, मधल्या सुट्टीत कोंडून ठेवलं, आईबापांना बोलावून आणलं, पण पोरं ते सगळं कोळून प्यायली. मग एलीनं वर्तुळ आणलं. ज्यानं खोडी काढली तो आणि जिची काढली ती, दोघं गोल मांडलेल्या खुर्च्यांवर समोरासमोर बसणार. काय झालं, कुणाला लागलं, आता भरून कसं काढायचं, हे शांतपणे बोलणार. शिक्षा नाही, ओरडा नाही. ते आणण्यासाठी एली दोन वर्षं भांडली होती. आणि या सत्रात तर चमत्कारच झाला. अट्टल पोरंसुद्धा वर्तुळात येऊन नेमक्या जागी गदगदू लागली. नववर्षाच्या जेवणाला एलीनं हे डोळे पुसत सांगितलं होतं.

मग एका आठवड्यात तीन पोरांनी एकच वाक्य म्हटलं. "माझ्या चेष्टेचं ओझं दुसऱ्याला घरी न्यावं लागतं, हे मला तेव्हा कळलं नव्हतं." पहिल्यानं फुटबॉल तोंडावर मारला होता, दुसरीनं वेणीत च्युइंगम चिकटवलं होतं. तिसरा बिचारा नुसता उशिरा आला होता, त्याचं ओझं कोण कुठे नेणार? शोध घेतला तर व्यायामशाळेच्या मागे पश्चात्तापाची शिकवणी चालू होती. बाई होत्या कर्स्टी. मान खाली कधी घालायची, कुठे थांबायचं, आवाज कुठे फुटू द्यायचा, सगळं ती घोटून घ्यायची. फी वेफर्सचं एक पाकीट. डोळ्यांत पाणी हवं असेल तर दोन.

पोरगी हुशार, यात वाद नाही. पण आईनं तिला दोन दिवस घरी बसवलं, आणि सोमवारी आईलेकींनी त्याच वर्तुळात समोरासमोर बसायचं होतं. तिथे कर्स्टी जे काही म्हणेल त्यावर कुणाचा विश्वास बसणार नव्हता. तिनं स्वतःच पाण्यात विष कालवलं होतं.

"दोन इकडे, दोन तिकडे," आर्ची अखेर बोलला. त्यानं काटा खाली ठेवला नव्हता. काट्यानंच हवेत डावा-उजवा हात दाखवला. "अर्ध्या मिनिटाचं काम. पोर परत बाकावर, मी परत गणिताकडे. तुम्ही लोक तासभर विचारत बसता, बाळ तुला कसं वाटलं. कसं वाटणार? गणिताचा तास बुडाला म्हणून बरं वाटलं."

एली म्हणाली, आजोबा, मार खाऊन कुणी शहाणं झालेलं मी पाहिलं नाही.

"वॉटीला विचार."

वॉटी केर्ड पाहुणा होता, म्हणजे दर वर्षीचा पाहुणा. आर्चीचा जुना विद्यार्थी, गॅव्हिनचा वर्गमित्र, आयुष्यभर खाटकाचं दुकान चालवून आता मोकळा झालेला. दर वाढदिवसाला तो सॉसेजची माळ घेऊन येई आणि एकच गोष्ट सांगे. ती त्यानं आताही सुरू केली. संगीताच्या बाईंच्या पियानोत त्यानं जिवंत खेकडा सोडला होता. बाई सुरावर बोट ठेवतात तो आतून काहीतरी चालायला लागलं. हेडमास्तरांच्या खोलीत रवानगी, दार बंद, आणि सहा पट्टे. अख्ख्या बोळानं ऐकले. "अजून पाऊस यायचा झाला की तळवे चावतात," असं म्हणून त्यानं आपले जाडजूड पंजे टेबलावर पालथे-उलथे करून दाखवले. सहा पट्ट्यांच्या जोरावर या माणसानं गावच्या दारूच्या गुत्त्यात किती ग्लास फुकट प्यायले असतील, त्याला गणती नाही. आर्ची लॉरिमरचे सहा म्हणजे इन्व्हरकॅरीत पदक होतं. ते ज्यांच्याकडे होतं, ते सगळे म्हातारे झाले होते आणि सगळ्यांच्या गोष्टीत दरसाल एखादा पट्टा वाढत होता.

"आम्ही दोघं पट्टेवाले, काय गॅव्ह्या?" वॉटीनं त्याच्या पाठीवर थाप मारली.

गॅव्हिननं मान हलवली आणि वाटाणे गोळा करू लागला.

त्याचा पट्टा मात्र बंद दाराआडचा नव्हता. त्या वर्षी आर्चीची नुकतीच या शाळेत बदली झाली होती, हेडमास्तर व्हायला अजून अवकाश होता, आणि बारा वर्षांचा गॅव्हिन त्याच्याच वर्गात येऊन पडला होता. शाळेत 'सर' म्हणायचं, असं आईनं बजावून पाठवलेलं. काही दिवस जमलं. मग एकदा गणित अडलं, आर्ची बाकाशी येऊन वाकला, त्याच्या कोटाला घरचा तंबाखूचा वास आला, आणि गॅव्हिनच्या तोंडून निघून गेलं, "बाबा, हे कसं करायचं?" वर्ग फिदीफिदी हसला. आर्चीनं त्याला पुढे बोलावलं. पद्धत गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होती: दोन्ही हात पुढे, एका तळव्याखाली दुसरा, आणि मास्तर 'हात खाली' म्हणत नाहीत तोवर हलवायचे नाहीत. दोन पट्टे बसले. त्याचं एवढं काही नाही. पण मारून झाल्यावर आर्ची फळ्याकडे वळला आणि 'हात खाली' म्हणालाच नाही. गॅव्हिन घंटा होईपर्यंत तसाच उभा राहिला.

त्या दिवसापासून तो बापाला 'सर' म्हणत आला. लग्नात, बारशात, दवाखान्यात, सगळीकडे 'सर'. घरच्यांना ती त्याची गंमत वाटते. त्यानंही ती गंमतच राहू दिली. सगळ्यांनाच बसत होता, मलाही बसला, हे एक मलम त्यानं जन्मभर लावलं होतं आणि त्यावर तो बरा चालला होता. फक्त एक नियम त्यानं कुणाला न सांगता पाळला. बोळाच्या टोकाला आर्चीची खोली होती, तिथे शाळेनं निरोपाला दिलेली हेडमास्तरांची कातडी खुर्ची होती आणि दारामागे खिळ्याला तो पट्टा होता. त्या खोलीत त्यानं एलीला कधी एकटं जाऊ दिलं नाही, आणि कर्स्टीलाही नाही.

"पाच मिनिटं द्या पोरीला माझ्याकडे," आर्ची म्हणाला. "माझ्या खोलीत. दार लावून."

गॅव्हिननं वर पाहिलं. आता एली उसळणार, अशी त्याची खात्री होती. या बाबतीत बाप आणि लेक कायम एका बाजूचे. पण एली आठवडाभर झोपली नव्हती. शिक्षकांच्या खोलीत लोक तिला पाहून ते ओझ्याचं वाक्य पुटपुटत होते. ती थकलेल्या आवाजात म्हणाली, "न्या, आजोबा. बघा तुमचं तरी काही ऐकते का."

"नेणार नाहीत," गॅव्हिन म्हणाला.

सगळे त्याच्याकडे बघू लागले. गॅव्हिन जेवताना मत देत नसे, बिल देत असे.

"अरे, खाणार आहे का मी तिला?" आर्चीनं विचारलं.

"तुम्ही काय करता ते मला माहीत आहे, सर."

"काय माहीत आहे?"

वॉटीनं मध्ये तोंड घातलं, आम्ही खाल्ले, काही मेलो नाही. एली आता बापाकडे वळली. बाबा, उगाच काहीतरी काय, आजोबा बोलणारच आहेत फक्त, आजच्या काळात हात लावायची कुणाची टाप आहे? गॅव्हिन म्हणाला, काळ दाराबाहेर राहतो. मग तो आईकडे वळला, की तू तरी सांग. एफी इतका वेळ डम्पलिंगच्या भांड्याकडे कान लावून बसली होती. ती फक्त म्हणाली, "गॅव्हिन, वाटाणे घे अजून. थंड होतायत." पंच्याऐंशीच्या त्या बाईच्या ओठाच्या कोपऱ्यात काहीतरी दबलं होतं. गॅव्हिनला त्याचा राग आला. पट्टे बसले त्या दिवशीही तिनं असंच काहीतरी पुढे वाढलं होतं आणि गप्प बसली होती.

एवढ्यात खुर्ची सरकली. "मीच जाते," कर्स्टी म्हणाली. "मला बघायचीच होती ती खोली. आजोबा कधी जाऊच देत नाहीत." आणि पणजोबांच्या हातात हात घालून ती निघालीसुद्धा. जाता जाता तिनं शॉर्टब्रेड बिस्किटांची ताटली उचलली. गॅव्हिन उठेपर्यंत बोळाच्या टोकाला दार लागलं होतं.

थोडा वेळ आतून नुसती कुजबुज आली. मग फाडकन आवाज झाला.

तो आवाज साठीतल्या गॅव्हिनला ओळखावा लागला नाही, त्याच्या तळव्यांनीच ओळखला. वॉटीचा काटा अर्ध्यावर थांबला. दुसरा फाडकन झाला आणि त्यावर कर्स्टीची किंकाळी आली. एलीच्या तोंडचं पाणी पळालं. तिसऱ्याला किंकाळी एवढी चढली की शेजारच्यांचा कुत्रा भुंकू लागला.

गॅव्हिन बोळातून धावला. चष्मा कुठे पडला त्याला कळलं नाही. त्यानं दाराला खांदा दिला, दार हललं नाही. पुन्हा दिला, भिंतीवरची तसबीर खाली आली. वॉटी मागून म्हणाला, बाजूला हो, मी बघतो, मी आयुष्यभर बैल उचललेत. दोघांनी मिळून धडक दिली आणि दोघं कळवळले.

"ओढायचं असतं ते," मागून एफी म्हणाली. "बाहेर उघडतं. आणि कडी नाहीये त्याला."

गॅव्हिननं दार ओढलं.

कर्स्टी टेबलावर पाय हलवत बसली होती. एका हातात शॉर्टब्रेड, तोंड भरलेलं, आणि त्या भरल्या तोंडानंच ती एक लांबलचक हंबरडा संपवत होती, कारण सुरू केलेलं अर्धवट सोडायची तिला सवय नव्हती. आर्चीनं अस्तन्या वर केल्या होत्या. त्याला धाप लागली होती, पांढरे केस उभे राहिले होते, आणि पट्टा हातात होता. समोर ती कातडी खुर्ची. तिच्या पाठीवर एफीनं विणलेलं कव्हर कायम असे. शाळेत असतानाही असे. ते आज दिव्यावर भिरकावलेलं होतं. आणि कव्हराखाली खुर्चीच्या पाठीवर धड अशी बोटभर जागा नव्हती. वळावर वळ, वळावर वळ, काही ठिकाणी कातडं फाटून आतला काथ्या बाहेर आलेला. अख्ख्या इन्व्हरकॅरीची दोन पिढ्यांची पापं त्या खुर्चीनं भोगली होती.

"तिसऱ्याला आवाज चढवायचा असतो," कर्स्टीनं घास गिळून सर्वांना समजावलं. "पहिल्यालाच ओरडलं तर खोटं वाटतं. पणजोबा भारी शिकवतात."

पुढचा आवाज आला तो वॉटीचा. हा एवढा थोरला खाटीक खुर्चीकडे बघत दाराच्या चौकटीला टेकला होता आणि त्याचा चेहरा लोण्यासारखा झाला होता. "सर," तो म्हणाला, "तुम्ही मला सांगितलं होतं की फक्त मलाच सोडताय."

"सगळ्यांनाच तसं सांगायचो," आर्ची म्हणाला. "शपथ घालून."

"बाहेर कुणाला कळलं तर माझी पत जाईल म्हणालात."

"तुझी गेली असती की नाही?"

वॉटीच्या डोळ्यांपुढून एकेक चेहरा गेला असावा. कोळ्यांचा सँडी, ज्याच्या आठ पट्ट्यांपुढे गुत्त्यात सगळे टोप्या काढत. बँकेतले मॅनेजर. खुद्द मागच्या खेपेचे पाद्रीबाबा. "म्हणजे एकालाही नाही?" तो पुटपुटला. "सगळे चोर? आणि मी त्या सँडीला ग्लास पाजत आलो?" आणि मग तो जो हसायला लागला, त्याला खाली बसावं लागलं. एलीलाही हसू आवरेना. बाकीचे मास्तर तेव्हा सर्रास मारत; ते वांड पोरांना आनंदानं हेडमास्तरांकडे धाडत, कारण बोळभर आवाज येई आणि सगळ्यांना न्याय झाल्यासारखं वाटे. पोरं बाहेर पडताना हात काखेत घालून येत. न मारता शिस्त राहिली, आणि मारत नाही हे कळलं नाही म्हणूनच राहिली. एली कर्स्टीकडे बघत म्हणाली, हिला दोष कसला देऊ, हे रक्तातच आहे.

फक्त गॅव्हिन हसत नव्हता. चष्मा नसल्यानं त्याला सगळं धूसर दिसत होतं, तरी त्याची नजर त्या वळांवरून हलेना. जन्मभराचं मलम कुणीतरी खरवडून काढलं होतं. सगळ्यांनाच बसत होता, मलाही बसला. आणि आता बघावं तर, सगळ्यांत कुणीच नव्हतं.

"आणि मी?" त्यानं विचारलं.

हसणं जागच्या जागी थांबलं. एलीला काहीच माहीत नव्हतं. ती एकदा बापाकडे, एकदा आजोबांकडे बघत राहिली. वॉटीला माहीत होतं. तो त्या दिवशी मागच्याच बाकावर होता.

"मला तुम्ही खरंच मारलंत, सर. सगळ्यांसमोर. गावात एकट्या मला."

आर्चीनं पट्टा टेबलावर ठेवला. मग तो बोलायला लागला, आणि मास्तरकी करून करून ज्याचं बोलणं दगडासारखं झालं होतं, तो माणूस अडखळू लागला. म्हणाला, नवीन शाळा होती. शिक्षकांच्या खोलीत पैज लागली होती की लॉरिमर स्वतःच्या पोराला हात लावणार नाही. वर्ग हसला तेव्हा वाटलं, आज सोडला तर हा वर्ग हातचा गेला. "तू पहिला होतास, गॅव्हिन. आणि शेवटचा. तुझे हात बघितल्यावर माझ्याच्यानं पुन्हा कुणावर उचलवला नाही. खुर्ची त्यानंतरची आहे. गावातली सगळी पोरं वाचली ती तुझ्यामुळे."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"काय सांगू? बाकी सगळ्यांना सोडतो, तुला तेवढं मारलं, हे?"

"'हात खाली' तरी म्हणायचं होतं."

उत्तर वॉटीनं दिलं, आणि आज पहिल्यांदाच तो काही फुगवून सांगत नव्हता. "ते वळूच शकत नव्हते रे. फळ्याकडे तोंड करून एकच गणित परत परत लिहीत होते. आम्हाला वाटलं काही नवीन पद्धत आहे, आम्ही तेवढ्या वेळा उतरवून घेतलं. तुझी मान खाली होती, तुला दिसलं नाही."

"त्या रात्री हा जेवला नाही," एफी म्हणाली. "मी तेव्हाच म्हटलं, जा, सांग त्याला. म्हणाला, उद्या सांगतो." तिनं दिव्यावरचं कव्हर काढून घडी घालायला घेतली. "मी कव्हरं विणत राहिले. तेही चुकलंच माझं. मी तुला सांगायला हवं होतं."

आर्चीनं घसा खाकरला. म्हणाला, गॅव्हिन, झालं ते चुकीचं झालं, आता त्या काळात...

"थांबा," कर्स्टी म्हणाली. ती टेबलावरून उतरली आणि दोघांच्या मधे येऊन उभी राहिली. "असं नाही चालत. कारण सांगितलं की माफी गेली. हा पहिला धडा."

एली तिला ओढायला पुढे झाली, पण मधेच थांबली.

आर्चीनं पुन्हा सुरुवात केली. मला वाईट वाटतं की तुला असं वाटलं...

"हे तर त्याहून वाईट. त्याला काय वाटलं ते सोडा. तुम्ही काय केलंत ते सांगा. आणि त्याच्याकडे बघून, खुर्चीकडे नाही." मग तिला काहीतरी आठवलं. "ते ओझ्याचं वाक्य नका म्हणू. ते सगळ्यांना माहीत झालंय."

अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या हेडमास्तरांनी मुकाट्यानं तोंड लेकाकडे वळवलं. या खोलीत त्यानं शेकडो पोरांना खोटं रडायला शिकवलं होतं आणि खरं कसं करायचं हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

"तू मला बाबा म्हणालास," आर्ची म्हणाला, "आणि मी तुला मारलं."

त्यानं मग दुसरंच केलं. टेबलावरचा पट्टा उचलून गॅव्हिनच्या हातात दिला आणि स्वतःचे दोन्ही हात पुढे धरले, एका तळव्याखाली दुसरा, नियमाप्रमाणे.

पट्टा गॅव्हिननं आठवणीत ठेवला होता त्यापेक्षा खूप हलका होता. त्याला कमालीचा राग आला होता आणि तो राग खराच होता, म्हातारा समोर हात पुढे करून उभा आहे म्हणून तो काही विरघळून गेला नाही. त्यानं पट्टा नीट दुमडून कर्स्टीच्या हाती दिला. मग ज्या खुर्चीत तो आजवर कधी बसला नव्हता, तिच्यात जाऊन तो सावकाश बसला, फाटक्या पाठीला पाठ टेकली, आणि पायावर पाय टाकला.

"घंटा होईपर्यंत उभं राहायचं," तो म्हणाला.

एली "बाबा" असं काही म्हणू लागली, तर वॉटीनं तिचं कोपर धरलं. आर्चीनं मान डोलावली. हात खाली आले नाहीत. कोपरं लटपटू लागली, तरी त्यानं ते वर ओढून धरले, आणि गॅव्हिन त्याच्याकडे बघत राहिला, ताटात बघितल्यासारखं नाही, सरळ तोंडाकडे. चष्म्याशिवायसुद्धा त्याला आता बरंच स्पष्ट दिसत होतं. म्हाताऱ्याचे डोळे भरले होते आणि तो काही ते पुसू शकत नव्हता, कारण हात मोकळे नव्हते.

एफी केव्हा बाहेर गेली ते कुणी पाहिलं नाही. शाळेनं निरोपाच्या दिवशी आर्चीला खुर्ची दिली होती आणि तिला पितळी घंटा. तेव्हापासून ती कुणाला जेवायला हाका मारत नसे, घंटाच वाजवी. आता बोळाच्या त्या टोकाहून ती घंटा खणखणली. डम्पलिंग तयार नव्हतं, अजून चांगला अर्धा तास लागणार होता, हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

गॅव्हिन खुर्चीतून उठला.

"हात खाली घ्या, बाबा," तो म्हणाला.